उपरण्याखाली विलायती गाडी

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे सव्वाअकरा. राणीसावरगावला व्यंकटरावांच्या गोठ्यासमोर तू माझा सौदा मोडलास. दिवस आणि वेळ लिहून ठेवली आहे, नंतर वाद नको.

सेलू,
१४ जानेवारी २०२५

चि. शिवप्रसाद यास,
शुभदाआक्काचे आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असावी, सौ. सविताच्या गुडघ्यांना उतार पडला असावा. इथे थंडी बरी आहे. आज संक्रांत आहे हे मला ठाऊक आहे. सोबत तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत, त्या खा. गोड बोलणं मात्र या पत्रात शोधू नकोस.

रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. जिने टेलिफोन खात्यात उभा जन्म लोकांचे फोन जोडून दिले, तिचा फोन सख्ख्या भावाने घेऊ नये!

येळवशीच्या अमावस्येला व्यंकटरावांनी शेतात जेवायला बोलावलं नसतं, तर मला त्या गाडीचा पत्ताही लागला नसता. भज्जी-आंबिल झाली आणि ते आपल्याला गोठा दाखवायला घेऊन गेले. गाईच्या शेजारी ताडपत्रीखाली ही उभी. विलायती ट्रायम्फ मोटारसायकल, दूर पल्ल्याची. पुढे वारा अडवायला काच, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. त्यांच्या मुलाने, रंगनाथने, पुण्यात हौसेने घेतली आणि तो कॅनडाला निघून गेला. मी विचारलं, "कशी आहे?" व्यंकटराव बैलबाजारातला माणूस. म्हणाले, "लय गरीब हाय बाई. लाथ मारत न्हाई, शिंग उगारत न्हाई. फकस्त खाती लय."

त्या दिवशी मी त्यांना किती प्रश्न विचारले! तीन सिलिंडर कशाला? साखळीला तेल कोणतं? इतक्या लांबून आलेल्या गाडीचे पार्ट कुठे मिळतात? त्यांना एकाचंही उत्तर येत नव्हतं, तरी मी विचारतच राहिले.

रविवारी मी तयारीने आले होते. जुनी गाडी बघताना आधी इंजिनाला हात लावायचा, गरम लागलं तर समजायचं की मालकाने आपण यायच्या आत चालू करून खोड लपवली आहे, हे तूच शिकवलेलं. लावला. गारठणक होतं. चष्मा लावून टायरवरचं साल वाचलं. टायर बदलावे लागणार. बॅटरी मेलेली, म्हणून ट्रॅक्टरची जोडली. गाडी चालू झाली तशी म्हैस दावं तोडून पळाली. पण आवाज काय होता रे! तुझ्या बुलेटची डगडग नाही. शिवणयंत्र रागावलं तर जसं बोलेल, तसा. मी बसून पाहिलं. टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. तू म्हणालास, "आक्का, पडलीस तर उचलायला क्रेन आणावी लागंल." मी हसले. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग व्यंकटरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. भाव तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली हात धरून बोटं दाबायची, आणि आतलं बाहेर कुणाला सांगायचं नाही. बाजाराची ही रीत मला माहीत आहे. मी हात पुढे केला, तर तो माणूस शॉक बसल्यासारखा मागे सरला.

"बाईमाणसाचा हात कसा धरावा? भाऊ हाय की."

"माझा हात चालत नाही, माझे पैसे बरे चालतात?" मी म्हणाले. ते हसले. तूही हसलास. आणि तू तुझा उजवा हात उपरण्याखाली घातलास.

मी बावळटासारखी कापडाकडे बघत उभी. सौदा चालू असला की उपरणं हलतं, आत बोटं पळत असतात. हे जराही हललं नाही. मग तू हात काढून घेतलास. "मोडला सौदा. चल आक्का." गंगाखेड येईपर्यंत मी कार चालवत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतास. तुझ्या दारात उतरताना मात्र तोंड उघडलंस, "या वयात ह्ये चोचले शोभत न्हाईत." माझं वय काढलंस! मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, पण जिना मी तुझ्या आधी चढते.

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण पुढे याच विषयावर यायचं आहे.

काल व्यंकटरावांना फोन केला. तुम्ही किती मागितले, माझ्या भावाने किती दिले, असं सरळ विचारलं. म्हणाले, "उपरण्याखालचं सांगत नसतेत ताई." मी फोन ठेवेना. शेवटी म्हणाले, "सांगाया काय हाय? त्यानं भाव लावलाच न्हाई. नुसता माझा हात धरून हुबा ऱ्हायला. लय घट्ट. मलाच काय करावं कळंना."

तेव्हापासून माझा राग पहिल्यासारखा राहिलेला नाही. तरी आहे.

शिवा, येळवशीच्या दिवशी मी पाहिलं. आमचं लक्ष नाही असं समजून तू त्या गाडीचा क्लच डाव्या हाताने दाबून बघत होतास. बोटं मिटेनात. मग उजव्या हाताने ती एकेक उचलून तू दांडीवर ठेवलीस. मी तोंड फिरवलं आणि व्यंकटरावांना विचारलं, तीन सिलिंडर कशाला?

पोळ्याला झटका येऊन तुझा डावा हात गेला, तेव्हापासून आपण सगळे औषधांवर बोलतो, व्यायामावर बोलतो, मीठ कमी करण्यावर बोलतो. सविता म्हणते, तू दिवसभर ओट्यावर बसतोस आणि न बघता सांगतोस, आता कुठली गाडी गेली. इंग्लंडची गाडी घेऊन कन्याकुमारीला जायचं वेड तुझं, माझं नव्हे. मला बुलेट शिकवलीस तीसुद्धा तूच.

त्या ट्रायम्फची मागची सीट रुंद आहे. धरायला दोन्ही बाजूंना कड्या आहेत, उजव्या हाताने एक पुरते. पाठीला टेकू बसवून मिळतो, नांदेडला विचारून ठेवलं आहे. तुझ्या डाव्या पायासाठी पट्टाही करता येईल. बसून पाहिलं तेव्हा मी चवड्यांचाच विचार करत होते, असं तुला वाटलं का?

कदाचित तुला हे दयेचं वाटलं असेल. किंवा तुझं स्वप्न मी चालवणार आणि तू ओट्यावरून आवाज ऐकणार, असं वाटलं असेल. मला माहीत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. उपरण्याखाली तुझ्या मनात काय होतं? बाजाराची रीत भावाबहिणीला लागू नाही.

येत्या रविवारी नांदेडचं गिऱ्हाईक येणार आहे. व्यंकटराव शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत. तू मागे बसणार नसशील, तर ती गाडी त्या गिऱ्हाइकाला जाऊ दे. मला एकटीला ती नको आहे.

तेव्हा शनिवार, १८ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझं लेखी उत्तर सेलूला पोचलं पाहिजे. एसटीने पाठव, माणसाहाती पाठव. फोनवरचं "हूं" चालणार नाही, "बघू" चालणार नाही, आणि सविताच्या अक्षरातलं तर मुळीच नाही. उजवा हात तुझा धडधाकट आहे. आमच्या हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. "मी मागे बसेन" किंवा "मी मागे बसणार नाही". खाली सही.

तुझ्या भरवशावर पहिल्यांदा गिअर टाकलेली,
शुभदाआक्का