मुकादमाची आंघोळ

१३ ऑक्टोबर, रविवार

गोचिड्या! कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली - मुकादम नुसता भरलाय! येऊरच्या जंगलात जेमतेम एक फेरी मारून आणला आणि ही हालत. बुधवारी मी स्वतः त्याच्या मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर औषधाचे थेंब सोडलेले. डॉक्टर म्हणालेली, आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंगाला पाणी लावू नका, मग महिनाभर गोचीड चढली तरी मरते. डोंबलाची मरते! टम्म फुगल्यात.

बाबा दर रविवारी त्याला येऊरला न्यायचे. ते गेल्यापासून आज पहिल्यांदाच गेलो. आईच म्हणाली, ह्यांचा नेम मोडायला नको. अर्ध्या वाटेत मुकादम थांबला आणि मागे बघत उभा राहिला. ओढला तरी हलेना. मला रडू फुटलं. आईला दिसू नये म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

घरी आल्यावर आई त्याला मांडीवर घेऊन बसली. बोटांनी एकेक उपटायची आणि उवा मारतात तशी नखावर मारायची. सगळं रक्त! मी ओरडले, अगं, चिमटा घे, स्पिरिटच्या बाटलीत टाक, डॉक्टरने सांगितलंय ना! तर म्हणे, "मालवणात गोठाभर गुरांच्या काढल्यात मी. तू मला शिकवू नकोस."

नाही शिकवत. कर काय करायचं ते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

डोंबिवलीहून दादाचा फोन. "बाबा होते तोवर ठीक होतं. आता त्या कुत्र्याचं कोण करणार? तू दिवसभर ऑफिसात. बदलापूरला माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिथे सोडू. मोकळा राहील बिचारा."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "मोकळी तर मीपण झालेय, संदेश. मलापण सोड तिकडे." आणि ठेवला फोन! मग पोळ्या लाटत बसली. दोन आमच्या, दोन मुकादमाच्या. बाबा गेल्यापासून ती स्वयंपाकघरात जाते ती फक्त ह्या कुत्र्याला भूक लागते म्हणून. दादाला हे कोण सांगणार.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कळलं. दवाखान्यात फोन केलेला, तर डॉक्टर म्हणाली, "आंघोळ घातलेली का?" मी ठणकावून सांगितलं, नाही. घरी येऊन सहज आईला विचारलं.

"घातली की. गुरुवारी. सुतक फिटलं ना त्या दिवशी? आपण सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, मग त्यालाच तसा ठेवू? तोही ह्यांचाच ना गं."

बुधवारी औषध, गुरुवारी आंघोळ! तेही साबण लावून, खसाखसा! डोकं असं भणाणलं की तोंडातून काहीतरी वाईट जाणार होतं. तेवढ्यात म्हणाली, "ह्यांच्या टॉवेलने पुसला. शांत उभा होता गं, एरवी किती उड्या मारतो." कप्पाळ! आता काय बोलू तिला?

औषध धुऊन गेलं हे तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मुकादम दोन दिवस खात नाहीये. दूध-पोळीसुद्धा हुंगून सोडली. आज सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब - नाकातून येत होते. रजा टाकली. आईने त्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रिक्षा घोडबंदर रोडवर अडकली ती अडकलीच. आई सारखी त्याच्या कानात, "गप रव रे माझ्या पुता, इलो, इलो दवाखानो."

टिक फिव्हर. गोचिडीतून रक्तात जातो म्हणे. प्लेटलेट्स पार तळाला गेल्यात. डॉक्टर म्हणाली, जगेल असं मी आज सांगू शकत नाही. आई बाहेर बाकावर होती ते बरं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एकाला नेलंस ना देवा, बास कर आता.

२७ ऑक्टोबर, रविवार

रोज सलाईन. आई रात्री त्याच्याशेजारी खालीच झोपते. घरात अजून गोचिड्या निघतायत, दाराच्या चौकटीवर, पडद्यावर. फवारणीवाला येऊन गेला तरी. एखादी दिसली की आई टिपते, नखावर. मी बोलायचं सोडलंय.

दादा आलेला. चहा झाला आणि सुरू. "माझी पोरगी इथे येते, तिला काय झालं तर?" आई म्हणाली, "हे त्याला घेऊन आले तेव्हा तुझ्या पंजाएवढा होता. मी मरेपर्यंत तो इथून हलत नाही." दादाचा आवाज चढला. "ठीक आहे. पण घरात कोणाला ह्याच्यापायी काही झालं ना, तर त्याच दिवशी गाडी घेऊन येतो. मग ऐकणार नाही." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. भांडण मिटावं म्हणून हलवली, दुसरं काय? आई मात्र बघत राहिली माझ्याकडे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा कंदील नाही, फराळ नाही. सगळ्या कॉलनीत उटण्याचा वास आणि आमच्याकडे फिनेलचा.

पण खाल्लं त्याने! भात आणि उकडलेलं अंडं, वाटी चाटूनपुसून! खाली फटाक्यांची लड लागली तर पलंगाखाली घुसून तिथून भुंकला. आई हसली. अगदी आवाज करून हसली! "मुकादम हजर झाले कामावर," म्हणाली. हे बाबांचं वाक्य. ते म्हणाले असते तसंच म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

आईला ताप. म्हणते जागरण झालंय, दुसरं काही नाही. मुकादम मात्र तिच्या पायाशी, हलायला तयार नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

उतरत नाहीये. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. डोकं इतकं दुखतं की डोळे उघडत नाहीत. आज तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके दिसले. लपवत होती! मुठी वळून झोपलेली. दादाला फोन केला, दोघांनी मिळून ॲडमिट केलं. मुकादमाला शेजारच्या कल्पिताकाकूंकडे ठेवलंय. लिफ्टमध्ये आईचं एकच - त्याची गोळी चुकवू नका.

आई गेली तर मी काय करू?

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी डॉक्टर आले. दादा खाली औषधं आणायला गेलेला. ठिपके बघून डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, घरात कुत्रा आहे? गोचीड वगैरे चावली? नीट सांगा, त्यावरच औषध ठरणार आहे."

आईने चादरीखालून माझं मनगट घट्ट धरलं. ओठ सुकलेले, पण स्वच्छ बोलली. "छे. आमच्याकडे कुत्रा नाही."

मी म्हटलं, "आहे, डॉक्टर. गोचिड्याही आहेत."

तिने माझा हात सोडला.