कुलूपबंद घराचा कूलर

मंगळवार, संध्याकाळ. नंदनवन, नागपूर.

आज सिद्ध करायचे ते एवढेच: आमच्या गल्लीत डेंग्यू आमच्या सभ्यपणाने वाढवला.

शेजारचे देशकर उन्हाळ्यातच पुण्याला लेकाकडे गेले. घराला कुलूप, खिडकीबाहेरचा कूलर तसाच. पावसाने त्याची टाकी भरली. गेल्या आठवड्यात आमच्या रहिवासी मंडळाच्या सभेत गल्लीतल्या शोभाताईंनी तीत डासांच्या अळ्या पाहिल्याचे सांगितले. टाकी रिकामी करू, म्हणाल्या. "लोकाच्या वस्तूले हात काहून लावायचा?" असे मंडळाच्या सचिवांनी विचारले आणि मालकाची संमती घेण्याचे ठरले. फोनवर देशकर म्हणाले, "दिवाळीत येऊनच राहिलो ना, तेव्हा पाहू." दिवाळीत! तोवर डासांनी काय उपास करायचा?

आज शोभाताईंची नात इस्पितळात आहे. प्लेटलेट्स उतरत आहेत. तिचा डबा घेऊन जाताना त्या माझ्या फाटकाशी थांबल्या.

"काहून सर, आली का परवानगी? तुम्ही म्हणाले म्हून थांबलो आम्ही."

मी स्टूल घेऊन गेलो आणि टाकीचे बूच ओढले. पाणी तापल्या फरशीवर पसरले, अळ्या तडफडल्या. सचिव धावत आले. "सर, तुम्ही बी?"

"मीच. देशकरांना दिवाळीपूर्वी कळवा."

किती सोपे काम! संताप याच सोपेपणाचा येतो.

चूक नोंदवतो. परक्याच्या मालमत्तेला संमतीविना हात लावू नये, हा मुद्दा सभेत मीच पटवून दिला. कूलर देशकरांचा होता. अळ्या साऱ्या गल्लीच्या होत्या. हा भेद मला तेव्हा दिसला नाही.

— वि. ग.