मधल्या टेबलाचा हिस्सा

मी, दोन भावांची ताई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी शेवटपर्यंत गेले. मध्येच चुकले ते डॉक्टर. मला कोणी भरीस घातलेले नाही. तसा प्रयत्न दोघांनी केला, त्याविषयी कलम सहामध्ये.

कलम १. माझा राहता फ्लॅट मी गेल्याच महिन्यात दोन्ही भावजयींच्या नावे करून दिला आहे, म्हणून तो येथे धरू नये. नवऱ्यांचे पटत नसताना या दोघींचे इतके छान जमते, की त्यांना एकत्र बसायला स्वतःची जागा हवीच होती. मी लग्न केले नाही. विचारणाऱ्यांना वेळ मिळाला नाही असे सांगत आले. खरे कारण असे, की सांगून आलेल्या दोघांनाही जिन्याच्या पायऱ्यांचे गणित येत नव्हते.

कलम २. बँकेतील शिल्लक चारही भाचरांना सारखी. आत्याने कोणाला जास्त दिले, हा वाद मला वरून ऐकायचा नाही.

कलम ३. माझा ओळंबा आणि पाणसळ मोठ्या भाचीला, कारण भिंत तिरकी असली तर ती तोंडावर सांगते. माप घ्यायची तुटकी टेप मात्र कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर जाऊ द्यावी. या देशात आलो तेव्हा मी कचेऱ्यांच्या फरश्या पुसत होते, मोठा भाऊ गिलाव्याच्या कामावर होता आणि धाकटा मिळेल ते ओझे उचलत होता. तिघांनी मिळून गळके घर विकत घेतले, दुरुस्त करून विकण्यासाठी. टेपचे पहिले दोन इंच तुटलेले होते. त्यामुळे मोठा माप सांगताना दोन इंच कमी करून सांगायचा आणि मी ते लिहिताना, तो विसरला असेल म्हणून, आणखी दोन कमी करायचे. घरातले प्रत्येक दार दोन इंच आखूड झाले. आम्हाला राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून विकण्याआधी आठ दिवस तिथेच राहिलो. तेव्हा कळले, की न्हाणीघराचे दार लावले तरी आतल्या माणसाचे पाय दिसतात. सगळी दारे नवीन केली.

कलम ४. तेव्हापासून आमची रीत पडली. घर बांधून झाले की आमच्यापैकी एकाने त्यात आठ दिवस मुक्काम करायचा. स्वयंपाक करायचा, कपडे वाळत घालायचे, खिडकीशी बसून पेपर वाचायचा आणि जे खुपेल ते लिहून काढायचे. ते दुरुस्त झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मी स्वतः एकशे बारा घरांत राहिले आहे. इतकी घरे पाहून, फ्लॅट देऊन टाकल्यावर आता भाड्याने राहणाऱ्यांत माझी गणना व्हावी, याची गंमत वाटते.

कलम ५. लाकडाच्या वखारीच्या मालकाला मी माफ केले आहे. तुमची भाषा समजत नाही म्हणत त्याने आम्हाला ओल्या फळ्या विकल्या. पैसे घेताना त्याला आमची भाषा समजली होती. पुढे त्याने आमच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. त्याच्या घराची दारे आम्ही त्याच्याच लाकडाची बसवली. आता मनात काही नाही.

कलम ६. आम्हा तिघांच्या घरबांधणीच्या कंपनीतील माझा तिसरा हिस्सा.

चार वर्षांपासून माझे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण मुक्काम. चाळीस घरांची इमारत उभी राहिली तेव्हा मोठा म्हणाला, "ताई, त्याला सांग, चाळीस घरांत आठ-आठ दिवस काढायचे तर वर्ष जाईल." धाकटा म्हणाला, "ताई, त्याला सांग, मग चाळीस घरं बांधूच नयेत." माझे टेबल दोघांच्या मध्ये आहे. दोघांत हातभर अंतर, आणि निरोप माझ्या हाती. मी मधल्या शिव्या गाळून निरोप पोचवते, म्हणून कंपनी चालू आहे. मी गेल्यावर काय, याचा विचार मला झोपू देत नाही.

गेल्या आठवड्यात दोघे वेगवेगळे भेटून गेले. दोघांनी माझ्या पाठीसाठी एकाच दुकानातून एकाच रंगाची उशी आणली होती. दोघांचे म्हणणे एकच: हिस्सा मला दे, मी कंपनी सांभाळतो. एकाला दिला तर दुसरा उठून जाईल. अर्धा-अर्धा दिला तर दोघे समसमान अडून बसतील, आणि वकीलबाई म्हणतात, शेवटी कोर्ट कंपनी विकून टाकेल.

म्हणून असे ठरवते. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी समजावले आहे. साक्षीदारांच्या दोन जागा मी रिकाम्या ठेवत आहे. भावांपैकी कोणीच सही केली नाही, तर हिस्सा अर्धा-अर्धा. एकाने केली, तर सगळा दुसऱ्याला. दोघांनी केली, तर हिस्सा आमच्या रंगारणीला. ती एकतीस वर्षे आमच्याबरोबर आहे. तीही बाहेरूनच आलेली, हातात बादली घेऊन. पहिल्याच दिवशी गिलावा ओला आहे म्हणून तिने मोठ्याला परत पाठवले होते. दोघे भाऊ घाबरतात अशी ती एकच व्यक्ती. मुक्काम ठेवायचा की मोडायचा, हे ती दोघांना समोरासमोर बसवून ठरवेल. रिकाम्या जागा भरायला वकीलबाईंचे दोन कारकून बाहेर बसले आहेत.

पुढील मजकूर, दोघे भाऊ समोर बसलेले असताना, सह्या होता होता मी येथेच लिहिला. वकीलबाईंनी वरील सर्व वाचून दाखवले. मोठ्या भावाने कलम सहा पुन्हा वाचायला लावले. धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, त्याला सांग..."

मी म्हटले, "मी आता नाही असं धर."

तो घुटमळला. मग भावाकडे वळला. "दादा, तू करणार आहेस सही?"

"तू केलीस तर."

"आधी तू कर."

"आणि मी केल्यावर तू हात आखडता घेतलास तर?"

"तेच मी तुला विचारतोय."

चार वर्षांनी बोलले आणि तेही भांडायलाच. मला ऐकत बसावेसे वाटले. पण वकीलबाईंनी दुसरे पेन काढून टेबलावर ठेवले, आणि दोघे एकदमच कागदावर वाकले. मी माझा हात वेळेवर काढून घेतला.

लिहून देणार: ताई (सही)

साक्षीदार: १. मोठा भाऊ (सही) २. धाकटा भाऊ (सही)

दोन्ही सह्या एकमेकींवर चढल्या आहेत. वकीलबाई म्हणतात, चालेल.

स्थळ: आमची कचेरी, मधले टेबल
तारीख: चौदा मार्च, मंगळवार, सकाळचे साडेअकरा