भुलाबाईच्या खाऊचा कागद

बाई, आज दुपारी माझ्या घरात चार मुलं फरशीवर पसरून रद्दीतून भेटीचे कागद करत होती. नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. दुकानातला चकचकीत कागद आणायचा नाही, आपणच करायचा, असं मीच ठरवलं आणि मग दिवसभर पस्तावले. जुनी वर्तमानपत्रं, कॅलेंडरची पानं, लग्नाच्या पत्रिका, कुणाच्या तरी भूगोलाच्या वहीची मागची कोरी पानं असा ढीग होता. मुलं कात्री घेऊन तुटून पडली आणि मी मात्र एकेक कागद उचलून दोन्ही बाजूंनी वाचत होते. उजेडाला धरून बघत होते. नात म्हणाली, "आजी, तू पोलिसात होतीस का?" मी म्हणाले, सवय आहे. तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. माझं उत्तर तिला पटलं नव्हतं. आमच्या घरात हा गुण उतरतच आलाय.

ही सवय तुमची. नाव मी तुमचं घेत नाही एवढंच. मी चौथीत होते त्या वर्षी लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. आमच्या अमरावतीच्या मुलींच्या शाळेत पाटीवरच सगळं चालायचं आणि परीक्षेपुरता कागद मोजून मिळायचा. तुम्ही अकोल्याहून नव्या आलेल्या, चौथीच्या वर्गावर. भुलाबाईचा महिना लागला तशी तुम्ही आम्हांला शाळा सुटल्यावर थांबवू लागलात. खाऊ ओळखायच्या खेळात डबा खुळखुळवला की पोरी लगेच ओळखतात, म्हणून यंदा खाऊ कागदात बांधायचा आणि कागद आपणच रंगवायचा, असा तुमचा बेत. घरातली रद्दी आणायची. अट एकच: विचारून आणायचं, आणि कापायच्या आधी दोन्ही बाजू वाचायच्या. ज्वारीच्या पिठाची खळ तुम्ही स्टोव्हवर घोटायचात. भेंडी देठाकडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल निघतं हे मला तुम्ही दाखवलं. गेरू एका वाटीत, नीळ दुसरीत, हळद तिसरीत. "दाब अन् उचल. घासू नको. घासलं तं फुलाचा चिखल होते," असं तुम्ही माझा हात धरून सांगता आहात, आणि तुमच्या बोटांना निळीचा वास येतो आहे.

गावाला हे काही पचलं नाही. शेजारच्या काकू आईकडे येऊन म्हणत, "अव, हे मास्तरीन घराघरातली रद्दी कावून गोळा करून राहिली? रद्दी तं इकायची गोष्ट हाये. पोरीइले फुकट कोन शिकवते?" आई म्हणायची, शिकवते तर शिकवू दे. पण तिच्याही मनात किडा होताच, कारण तुम्ही जिथे खोली घेऊन राहत होता ते घर बाबांच्या विरुद्ध पक्षकाराचं होतं. बाबा वकील. परतवाड्याकडच्या एका संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीच्या पाण्यावरून खटला चालला होता. बाबांचा पक्षकार फुलं-भाजी पिकवणारा माळी, आणि समोरचे तुमचे घरमालक. अमरावतीत खोल्या काही शंभर नव्हत्या, तुम्हांला मिळाली ती तुम्ही घेतली. हे आज कळतं. तेव्हा आमच्या घरात तुमचं नाव निघालं की बाबांचा चष्मा कपाळावर जायचा.

आता मी केलं ते. बाबांच्या बैठकीत लाल कापडात बांधलेले पक्षकारांचे बस्ते असत. त्यांना हात लावायची मनाई होती. पण वर्गात एका मुलीनं सराफाच्या दुकानातला गुलाबी कागद आणला आणि सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. माझ्याकडे काय, तर तेलकट वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले असताना मी वरचाच बस्ता सोडला. एक जाड, पिवळसर, हातभर लांब कागद होता. एका बाजूला मोडीसारखं काहीतरी गिचमिड, दुसरी बाजू कोरी. मी तो फ्रॉकच्या आत घातला. लिहिलेल्या बाजूवर मी घाईघाईनं वर्तमानपत्र चिकटवून टाकलं, म्हणजे वाचायला काही उरलंच नाही, आणि कोऱ्या बाजूवर गेरूची फुलं उठवली. इतकी सुरेख उठली की गुलाबी कागदवालीसुद्धा बघायला आली. तुम्ही कागद उचललात. खिडकीच्या उजेडाला धरलात. बराच वेळ धरलात, बाई. मग मला विचारलंत, "हा कागद विचारून आणला का गं?" मी म्हणाले, "हो बाई." तुम्ही तो परत माझ्यासमोर ठेवलात आणि पुढच्या मुलीकडे गेलात.

साठ वर्षं मी त्या खिडकीशी अडकून बसले आहे. तुम्हांला आतली अक्षरं दिसली होती का? खळ ओली असताना कागद उजेडाला धरला तर दिसतात. आज मी मुद्दाम करून पाहिलं. मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्यावर विश्वास ठेवलात, की मला पकडायचं ठेवून दिलंत? मला विश्वासाचं कारण सुचत नाही. माझा स्वभावच असा आहे की कुणी चांगलं वागलं की मी त्याच्या मागे काय आहे ते शोधत बसते.

कोजागिरीला आमच्या अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मखर केला होता आणि भुलाबाईपुढे पोरी गोल करून बसल्या होत्या. माझा पुडा सगळ्यांत मोठा. एकीलाही खाऊ ओळखता आला नाही. शेंगदाण्याची चिक्की निघाली तसा सगळ्यांनी गिल्ला केला. आईनं बाबांना हाक मारली, "तुमीबी घ्या ना थोडी." बाबा आले, उरलेली चिक्की त्याच कागदावरून उचलून खाल्ली, फुलं पाहून म्हणाले, "वा, हे तुनं केलं?" आणि हात पुसून कागदाचा बोळा करून दुधाच्या पातेल्याखाली चुलीत सारला. तो पेटला. मी बघत होते. तो त्यांचाच कागद होता हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला पूर्ण ठाऊक होतं. मला तेव्हा फार हलकं वाटलं, हेही लिहून टाकते.

चार दिवसांनी खटल्याची तारीख होती. बाबांनी बस्ता सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मी नेला तो, तुमच्या घरमालकांच्या वडिलांनी माळीबुवांना पाण्याचा हक्क लिहून दिलेला कागद होता. घर उलथंपालथं झालं. मग आई बोलून गेली की पोरगी शाळेत कागद नेते. बाबांनी मला समोर उभं केलं. मला मारलं असतं तर मी बोलले असते असं मी स्वतःला सांगते. पण त्यांनी मला विचारलंच नाही की तू नेलास का. त्यांनी विचारलं, "त्या बाईनं तुले असा जाड कागद आणाले सांगितलं होतं?" बघा बाई, उत्तर त्यांच्या प्रश्नातच तयार होतं. आणि तुम्ही वर्गात म्हणाला होताच, घरात जाड कागद पडला असेल तर आणा, फुलं चांगली उठतात. मी मान हलवली. बाबा आईकडे वळून म्हणाले, "पाहिलं? त्या घरात राहते अन् आमच्या घरातले कागद मागवते." त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि शाळेत गेले.

मोठ्या बाईंच्या खोलीत तुम्ही भिंतीशी उभ्या आहात. मला टेबलापाशी बोलावलं आहे. मोठ्या बाई विचारतात, जाड कागद आणायला यांनी सांगितलं होतं का? मी तुमच्या पायांकडे बघून सांगते, सांगितलं होतं. तो कागद मग कुठे गेला? मी म्हणते, "बाईंनी उचलला होता." हेही खोटं नाही. उचलला होताच की, खिडकीशी. त्या खोलीत मी एकही खोटा शब्द बोलले नाही आणि तुमची नोकरी घालवली. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "हो. जाड कागद आण म्हटलं होतं मी." बस्स. विचारून आणायची अट तुम्ही सांगितली नाहीत. मी विचारून आणला असं म्हणाले होते तेही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गावर दुसऱ्या बाई आल्या. गावात बोलणं पसरलं की मास्तरीण पैसे खाऊन कागद पोचवत होती. विरुद्ध पक्षाच्या घरीही तुम्हांला ठेवलं नाही, म्हणजे तुम्ही त्यांच्या असतात तर ठेवलं असतं ना? हा साधा विचार अख्ख्या अमरावतीत कुणाला सुचला नाही. खटला पुढे समेटानं मिटला, माळीबुवांना पाणी अर्धंच मिळालं.

पुढे मीही मास्तरीणच झाले, आणि नेमणूक झाली ती अकोल्याला. तिथे कळलं की तुम्ही घरी शिवणकाम करता, शाळेत पुन्हा कुणी घेतलं नाही. तुमची गल्ली मला ठाऊक होती. पाच वर्षं मी शाळेत लांबच्या रस्त्यानं गेले. वर्गात एखाद्या मुलीनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं की मला वाटायचं, हिला बाईंनी सांगितलं असणार. बाजारात पाठमोरी कुणी नऊवारीतली उंच बाई दिसली की मी भाजी न घेताच परत फिरायची. तुम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं, हे मला तुम्ही गेल्यावर तुमच्या भावजयीकडून कळलं. तिच्यावरही माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते भोगलं तुम्हीच.

बाबा शेवटच्या दुखण्यात होते. तुम्ही तेव्हा अकोल्यात जिवंत होता, पुढे सहा वर्षं होता. एके दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "ती तुझी शाळेतली बाई. मले आता वाटते, माझ्या हातून तिच्यावर अन्याय झाला. तिचा पत्ता काढ. मी दोन ओळी लिहितो, माफी मागतो." कागद, दौत त्यांच्या उशाशीच होती. तुमच्या गल्लीचं नाव माझ्या ओठांवर होतं. मी चाळीस वर्षांची होते, चौथीतली नव्हते. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "बाबा, कशाला जिवाला लावून घेता? तुमचं बरोबरच होतं. तिनंच नेला होता." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, बरं झालं तू सांगितलंस. मरणाऱ्या माणसाला शांती मिळावी म्हणून मी तसं बोलले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, बाई. त्यांनी तुम्हांला लिहिलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतंत, याची मला भीती वाटली.