चौऱ्याहत्तर सालचा दादा

रवि. १५ मार्च १९८७, होळी
दादा होळीला उठला नाही. आख्ख्या दातिवऱ्याची होळी त्याच्या ढोलाशिवाय पेटली. मी शिकवते त्या मासवणच्या शाळेतून काल मुद्दाम घरी आले, तर हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. वैनी म्हणते, दीड महिना झाला. होडीवर जात नाही, अंघोळ नाही. आय म्हणते नजर लागली. भगताकडे कोंबडं देऊन झालं.
मी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "कुसुम, मला कंटाळा नाय आला ग. मीच संपलो हाय."
पस्तिशीचा माणूस. संपलो म्हणे! परसात जाऊन रडले.

शनि. २१ मार्च
दादाला घेऊन मी नि वैनी बोईसरच्या दवाखान्यात. मनाचे डॉक्टर फक्त शनिवारी येतात, मुंबईहून. बाकावर कारखान्यातला एक कामगार बायकोला घेऊन बसलेला. मला म्हणतो, "पहली बार? डरो मत, बहनजी." रडायलाच आलं मेलं.
डॉ.नी पुष्कळ विचारलं. मग: "याच्या उलट कधी झालं होतं का? झोप नाही तरी ताजातवाना, सारखं बोलणं, मोठमोठे बेत?"
मी म्हटलं, नाही.
वैनीने माझ्याकडे पाहिलं. मी परत म्हटलं, नाही. माणूस खुशीत होता हे काय डॉक्टरला सांगायचं?
उदासीवरच्या गोळ्या दिल्या.

शनि. १८ एप्रिल
दादा उठून बसला! बोंबलाचं कालवण मागून घेतलं. मी नि वैनी चुलीपुढे वेड्यासारख्या हसत होतो. देव पावला.

शनि. ३० मे
होडी किनाऱ्याला ओढली, आता नारळी पुनवेपर्यंत सुट्टी. पण दादाला कुठली सुट्टी. घराला होडीचाच निळा रंग काढतोय. दुसरी होडी घ्यायची, बर्फाचा कारखाना काढायचा, वैतरणेपर्यंत सगळ्यांची मासळी आपणच उचलायची. पहाटे तीनला उठतो म्हणे. आय खूश, "माझा लेक परत आला." वैनी नुसती माझ्याकडे बघते.

बुध. २४ जून
आज दादा शाळेत हजर! अंगभर चिखल, पाठीवर सुक्या बोंबलांचं पोतं. घरून चालत आला. पाचवीच्या पोरांना ओंजळी भरभरून वाटले, बाकावर चढून गाणं म्हटलं. पोरं खिदळली. हेडमास्तर, "बाई, हे तुमचे कोण?"
"भाऊ," म्हटलं. मीही हसले. हसले मी! डोळे लकाकत होते त्याचे. ते डोळे मी ओळखते नि तरी.

रवि. ५ जुलै
काल दादाने होडी पाण्यात लोटली. आषाढात. एकटा. नारळ वाहिल्याशिवाय आमच्यात लहान मूलही होडीला हात लावत नाही. आळीतले बाप्ये दोर घेऊन धावले. होडी खडकावर फुटली. बाबांनी बांधलेली होडी. हा पोहत आला, कपाळ फुटलेलं, आणि हसत होता. म्हणे, दर्याने बोलावला.
आय फळ्या गोळा करत फिरते.
वैनीने मला ओट्यावर गाठलं. "बाय, तू शिकाला गेलीस त्या साली पन असेच होते हे. माझं नवीन लगीन, मला काय कळत नव्हता. तुला तर ठावं हाय ना? डॉक्टरला बोल ना ग."


शनि. ११ जुलै
सांगितलं. सगळं.
सातवी होऊन दोन वर्षं मी बोंबील सुकवत होते. ७४ चा जून. दादा पहाटे मला हलवून म्हणाला, "उठ कुसुम, तुला मास्तरीण करायची हाय." सफाळ्याच्या शाळेत घेऊन गेला, दोन वर्षं वाया गेलेली म्हणून घेईनात, तर संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिला. नाव घालूनच उठला. आळीत माझ्याआधी आठवीला एक मुलगी गेली नव्हती. महिनाभर झोपला नाही. माझ्या पुस्तकांना रात्रीत फळी ठोकली. आणि दिवाळीपासून तीन महिने अंथरुणात.
डॉ. लिहीत होते. वाचून दाखवलं, "जून ७४. पहिला झटका."
माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. झटका.
म्हणाले, आजार एकच, खाली नेतो तसा वरही नेतो. उदासीच्या नुसत्या गोळ्यांनी तो वर उसळला. आधी कळतं तर दिल्या नसत्या. मला ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.
मग दादाला समजावलं, भरती-ओहोटीसारखं असतं हे. दादा म्हणाला, "साहेब, भरती-ओहोटीला पंचांग हाय. याला कुटं हाय?"
आता लिथियमच्या गोळ्या. दर महिन्याला रक्त तपासायचं, पाणी भरपूर, मध्येच बंद नाही. रोज किती झोपला ते वैनीने वहीत लिहायचं.

रवि. ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सगळ्यांनी नारळ वाहिले. आमची होडी नाही. दादा दुसऱ्याच्या ओट्यावर जाळं शिवत बसला होता. हात थरथरतो गोळ्यांनी, सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला.
राखी बांधताना विचारलंच. "दादा, त्या साली मला शाळेत का नेलंस?"
त्याने राखी मनगटावर फिरवली.
"बरा नव्हतो म्हणतात तवा. तू डॉक्टरलाच विचार."
माझं मेलीचं तोंड! कशाला विचारलं? बरा झालाय, शांत आहे, आणि मला तो दुसराच हवाय. असं कुणी बहीण लिहितं का?

शनि. ४ जून १९८८
वर्षभरात ना उसळला ना पडला. आता दुसऱ्यांच्या होडीवर जातो. ढोलाला हात नाही.
त्याची सुमन सातवी पास. वैनी म्हणते बास झाली शाळा, माझ्यासंगट बाजारात येईल. मी दादाकडे बघितलं. म्हणाला, "बघू."
चौऱ्याहत्तरचा दादा बघू म्हणाला नसता. रात्री सुमन माझ्या कुशीत रडली.

बुध. ८ जून
पहाटे दादाने हलवून उठवलं. अंघोळ केलेला, धुतलेला सदरा. "उठ कुसुम. पोरीचं नाव घालाया सफाळ्याला जाऊ."
तेच शब्द जवळजवळ. चौदा वर्षं मी त्यांचीच वाट बघत होते. आणि माझ्या तोंडातून काय यावं?
"दादा, रात्री झोप झाली का?"
त्याचा चेहरा उतरला. "झोपलो व्हतो ग," म्हणाला. एवढंच.
सुमनचा हात धरून एकटाच यष्टीला गेला. ती उड्या मारत होती. मला बोलावलं नाही परत.
वैनीला विचारलं. "मला ठावं नाय बाय, मी पन झोपले व्हते. मेली एक रात डोळा लागला माझा."
आता अकरा वाजलेत. त्यानेच माझ्या पुस्तकांसाठी ठोकलेल्या फळीवरून गोळ्यांचा डबा काढलाय. आत हिशेबापेक्षा जास्त उरल्यात का ते बघितलं की लगेच कळेल, आज सफाळ्याला कोण गेलंय, माझा भाऊ की त्याचा आजार. वैनी म्हणते, उघड.
डबा मांडीवर आहे. अजून उघडला नाही.