कागद बाजूला ठेवा

शिरूर,
रविवार, १६ डिसेंबर २००१

सुरेखाआक्कास,
सप्रेम जय भीम. दाजींनाही सांग.

आईचे गुडघे थंडीनं धरलेत. सकाळी उन्हाला बसते आणि मग उठवायला मला हाका मारते. शिक्रापूरच्या कंपनीतली टायपिंगची नोकरी मी नगरसेविका झाले तरी सोडलेली नाही. निकाल तुला कळलाच असेल. त्रेसष्ट मतांनी आले. वस्तीतल्या बायांनी एवढा गुलाल टाकला की दोनदा केस धुतले तरी पाणी लालच.

तुझं कार्ड मिळालं. वैष्णवी दौंडला माहेरी आली आहे, धड बोलत नाही, जेवत नाही, सभेत काय झालं ते खरं लिही, असं तू लिहिलंस. कार्ड येऊन चार दिवस झाले. कामात होते असं लिहिणार होते, पण तसं काही नव्हतं.

आधी आपल्या आप्पांचं लिहिते. एक्याण्णव साली ते उभे राहिले तेव्हा तू लग्न होऊन दौंडला होतीस. त्या सभेचं तू फक्त ऐकलंस. सगळे उमेदवार स्टेजवर होते. विरोधात उभ्या असलेल्या जयसिंगरावांनी खिशातून एक छापील कागद काढला, आप्पांच्या हातात दिला आणि माइकवर म्हणाले, "बन्सी, मेंबर व्हायचंय न्हवं? मग येवढं वाचून दाखव की लोकास्नी." आयुष्यभर बाजारात पोती वाहिलेला माणूस. कागद धरून उभे राहिले. मागून पोरं ओरडली, "वाचा, वाचा." जयसिंगराव हसले, मग सगळं मैदान हसलं. मी पुढच्याच रांगेत होते, आक्का. दहावीत होते, मला वाचता येत होतं. पण माझे पाय उचलले नाहीत.

त्यानंतर आप्पा बाजारपेठेतून कधी गेले नाहीत. कामाला जायचे तेही नदीकडच्या वाटेनं, वळसा घालून. सहा वर्षं, मरेपर्यंत.

यंदा वॉर्ड महिला राखीव झाला. जयसिंगरावांनी सुनेला, वैष्णवीला, उभं केलं. पोस्टरवर त्यांचा फोटो परातीएवढा, वैष्णवीचा वाटीएवढा. मला वाटलं, दहा वर्षांनी तो माणूस हाती लागला.

सभा वाचनालयाच्या मंडळींनी ठेवली होती, त्याच मैदानात. आधी पाच-पाच मिनिटं भाषण, मग उमेदवारांनी एकमेकींना एकेक प्रश्न विचारायचा. साहेबराव गुरुजी घड्याळ घेऊन बसले होते. मी लाइटचं बोलले, गटाराचं बोलले, आणि शेवटी शाळेमागच्या बायकांच्या संडासाचं. जयसिंगरावांनी नारळ फोडला, भिंती उभ्या राहिल्या आणि दारंच बसली नाहीत. बाया साडीचा आडोसा धरून जातात. सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

वैष्णवीनं सासऱ्यानं लिहून दिलेलं वाचलं. खाली मान घालून, पण नीट वाचलं. मग प्रश्न विचारायची माझी पाळी आली. मी म्हटलं, "वैष्णवीताई, तो कागद बाजूला ठेवा. आणि तुमच्या शब्दांत सांगा, त्या संडासाला दारं का नाहीत?"

तिनं कागद ठेवला. "स... स... सास..." पुढं जाईना. ओठ थरथरत होते, मानेची शीर ताठली होती. मागून कुणीतरी शेळीसारखा आवाज काढला आणि मैदान हसलं. गुरुजी म्हणाले, "राहू द्या, बसा ताई." ती बसेना. तिला उत्तर द्यायचंच होतं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पुढच्या रांगेत जयसिंगरावांकडे पाहत होते.

इथवर तुला वैष्णवीकडूनही कळेल. आता जे तिनं सांगितलं नसेल ते लिहिते.

सभेच्या आठ दिवस आधी ती माझ्याकडे आली होती. तुझ्या शिवणक्लासमधली मुलगी, तुझी चिठ्ठी घेऊनच आली. 'पोरगी सरळ आहे, हिला सांभाळ,' असं तू लिहिलं होतंस. आईनं चहा केला, तिनं घेतला. बसल्यावर ती नीट बोलते, फक्त लोकांपुढं उभी राहिली की अडकते. म्हणाली, "ताई, मला उभं राहायचं नव्हतं. मामंजी ऐकत न्हाईत. मी लिवलेलं वाचून खाली बसंन. तेवढं मला इचारू नका काई." मी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, नाही विचारत. जाताना दारात थांबून तिनंच सांगितलं, "संडासाच्या दाराचं तुम्ही बोला ताई. मला त्या घरात ऱ्हाऊन बोलता येत न्हाई."

म्हणजे मुद्दाही तिचाच होता, आक्का.

वाटलं होतं, हरल्यावर जयसिंगराव वाट बदलतील. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात चार माणसांत बसून चहा पीत होते. मला बघून हाक मारली, "या मेंबरबाई! आमची सूनच मुकी निघाली, त्याला तुम्ही काय करणार? पुढच्या टायमाला आमचा सत्यजीत हायेच." सगळे हसले. त्यांचं काही गेलंच नव्हतं. जे गेलं ते तिचं.

माझ्या डोक्यात काय गेलं सांगता येत नाही. मी सगळ्यांपुढं म्हटलं, "मुकी कशी? संडासाच्या दाराचं मला तिनंच तर सांगितलं. आमच्या वस्तीत, आमच्या घरी बसून, माझ्या आईच्या हातचा चहा पिऊन."

हसणं थांबलं. एकानं दुसऱ्याकडे बघितलं. जयसिंगरावांनी कप खाली ठेवला, बशीत चहा सांडला. तोंड राखेसारखं झालं. उठले आणि मान खाली घालून भर बाजारपेठेतून गेले. मी ते दिसेनासे होईपर्यंत बघत उभी होते. आप्पा असायला हवे होते, असं वाटलं.

त्याच दुपारी तिच्या नवऱ्यानं, सत्यजीतनं, तिला दौंडच्या गाडीत बसवलं. पिशवीसुद्धा नीट भरू दिली नाही म्हणतात.

आपल्या घरी बोललेली गोष्ट चारचौघांत कुणी सांगितली, हे तिला अजून माहीत नसेल. तिला वाटत असेल, आपण हरलो म्हणून काढलं. तू तिला खरं सांग. माझ्या वतीनं माफी मात्र मागू नकोस. त्या माणसाचा चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं, आणि असं बरं वाटत असताना मागितलेली माफी खोटी ठरेल. तिची आठवण आली की घास उतरत नाही. दोन्ही खरं आहे.

तिला शिवणाचं काम दे. जवळ बसवून घे, जेवायला लाव. ती बोलत असेल तेव्हा मध्ये शब्द घालू नकोस, तिचा तिला सापडू दे.

खाली 'तुझी' लिहावं की नाही, ते ठरेना. म्हणून नुसतंच,

माया