चोक तुम्ही बसवला होता

पप्पा, तुमच्या दशक्रियेला घाटावर मी बोलले, त्यातलं एक वाक्य चूक होतं. "नेमबाजीच्या निवडीच्या दिवशी पप्पांनी सगळं बरोबर करून दिलं होतं, हात माझाच थरथरला," असं मी माइकवर सांगितलं. हात थरथरला की नाही, ते आता मला माहीत नाही. बरोबर करून दिलं नव्हतं, एवढं कळलंय.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. तुमची बंदूक तेव्हापासून बंदुकीच्या दुकानात जमा होती. भावाला वारसाचा परवाना मिळाला आणि गेल्या आठवड्यात ती अवसरीला घरी आली. त्या निवडीनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. पुसताना मी नळीच्या तोंडातला चोक, छर्रे किती पसरायचे ते ठरवणारं नळकांडं, फिरवून काढला. कडेवर एकच खाच. एक खाच म्हणजे सगळ्यात आवळलेला, हे तुम्हीच शिकवलेलं.

आण्याच्या पठारावर तुम्ही पत्र्याला चुना लावून उभा करता. मी तेरा वर्षांची. एकाच अंतरावरून दोन बार. आवळलेल्या चोकचे छर्रे ताटाएवढ्या जागेत दाटीने बसलेत, मोकळ्याचे परातीएवढे पसरलेत. "उडती तबकडी जवळून आडवी जाणार आसंल तर मोकळा लावायचा," तुम्ही म्हणता. "परातीत घावंल, ताटातून निसटंल."

"आणि जवळ आवळलेला लावला तर?"

"मग देवालाबी न्हाई घावायची," म्हणून हसता.

चोक बसवायचे मात्र तुम्हीच. पप्पांनी बसवलेलं पुन्हा उघडून बघायचं नाही, असा घरचा नियमच होता. गॅसचं बटण तीन-तीनदा बघणारी मी, तेवढं कधी बघितलं नाही.

पुण्यातल्या क्लबच्या निवडीत हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या जवळूनच आडव्या जात होत्या. मी विचारलं, "मोकळा ना?" तुम्ही काडतुसं मोजत म्हणालात, "व्हय." ज्या लागल्या त्यांचा पार भुगा होऊन धूर झाला, बाकीच्या अख्ख्या खाली पडल्या. मोकळ्या चोकने तुकडे उडतात, असा धूर होत नाही. मला ते दिसलं होतं, पप्पा. तरी मी हाताकडेच बघत राहिले. येताना पेठला रसवंतीवर थांबून तुम्ही माझ्यापुढे ग्लास ठेवलात. "हात कापतो तुजा. सोडून दे. सगळ्यांना न्हाई जमत." मी सोडलं.

काल आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "त्यांनीच आवळला व्हता. निवड झाली तर पोरगी शिबिराला दिल्लीला जाईल, परत कशाला येती, म्हनले. लई जीव व्हता तुझ्यावर."

"तुला माहीत होतं?"

"तवाच सांगितलं व्हतं मला."

म्हणजे मी रडत होते आणि तुम्ही दोघं कारण माहीत असून माझी समजूत घालत होतात. जायचं नाही, असं तोंडावर म्हणाला असतात तर मी भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही मला माझाच हात नकोसा केलात. अजून पाव्हण्यांना चहा देताना मी ट्रे दुसऱ्या कुणाकडे तरी देते.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एक कबूल करते. त्याच क्लबच्या निवडीत मी नाव दिलंय. बंदूक क्लबची, चोक मी बसवणार. मोकळ्या चोकनेही तबकड्या अख्ख्या पडल्या तर तुमच्यावर रागवायचं पुष्कळसं कारण जाईल, आणि तुमच्या खोटेपणापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते. तरी जाणार आहे. येत्या रविवारी, सकाळी सात वाजता.